भाकरी बाजारात येते

सोलापूर मागे टाकून आगगाडी गाणगापूरच्या बाजूने कलबुर्गीकडे निघाली की स्टेशनांवरच्या पाट्यांची लिपी बदलते. खिडकीबाहेरची जमीन मात्र बदलत नाही. तीच काळीभोर, भेगाळलेली, पावसाचे पाणी पोटात धरून ठेवणारी माती आणि तिच्यावर उभे असलेले रब्बी ज्वारीचे तेच रान. भाकरीला इकडे रोट्टी म्हणतात, एवढाच काय तो फरक. पूर्वीच्या हैदराबाद राज्यात यातला बराचसा मुलूख एकत्रच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना अंमलात आली आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. जहीराबाद व नारायणखेड आंध्रात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्याकडे राहिला. वाटणी कागदावर झाली, चुलीवर झाली नाही. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूरचा शेतकरी सहकुटुंब रानात जाऊन कडब्याच्या खोपीपुढे भज्जी आणि आंबील वाढतो, आणि त्याच दिवशी बीदरचा व कलबुर्गीचा शेतकरीही तेच करीत असतो. भालकी-बसवकल्याणकडच्या कित्येक घरांत सासू मराठीत बोलते, सून कन्नडमध्ये उत्तर देते, आणि दोघींच्या मध्ये परातीत असते ते पीठ ज्वारीचेच.

या पिठाची एक अडचण आहे. ती इतकी रोजची आहे की कोणाच्या लक्षातही येत नाही. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातील प्रथिनांची एक चिवट, ताणली जाणारी जाळी तयार होते. तीमुळे कणीक लाटता येते, घडी घालता येते, ओढली तरी तुटत नाही. ज्वारीच्या पिठात ही जाळी होत नाही. गार पाण्यात मळलेले ज्वारीचे पीठ वाळूसारखे सुटते. थापावे तर कडा फाटतात, उचलावे तर तुकडे हातात येतात. मग शेकडो वर्षे दख्खनच्या पठाराने भाकरी खाल्ली ती कशी? उत्तर प्रत्येक घरात आहे. पाण्याला आधण येऊ द्यायचे, ते उकळते पाणी पिठात ओतायचे, आणि हाताला सोसेल इतके निवले की मनगटाच्या जोराने मळायचे. उकळत्या पाण्याने पिठातील पिष्ट फुगते, अर्धवट शिजते आणि खळीसारखे चिकट होते. जी जाळी निसर्गाने दिली नाही, तिचे काम ही खळ करते.

हे प्रथम कोणाला सुचले? नाव कोठेही नोंदलेले नाही. ज्या बाईला ते सुचले तिला आपण शोध लावला असे वाटलेही नसेल. तिला त्या दिवशीची भाकरी मोडू द्यायची नव्हती, इतकेच. एखाद्या कारखान्यातील रसायनतज्ज्ञाला हीच गोष्ट सुचली असती तर तिच्यावर निबंध निघाला असता. तव्यावर टाकलेल्या भाकरीच्या वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवण्याची रीतही अशीच. त्या पाण्याने वरचे कोरडे पीठ धुऊन निघते, पृष्ठभाग तडकत नाही, आणि भाकरी उलटून निखाऱ्यावर धरली की आत कोंडलेली वाफ पदर सोडवून तिला फुगवते. पाण्याचा हात थोडा उशिरा फिरला तरी भाकरी रुसते. हे शास्त्र पुस्तकात नसून हाताच्या तळव्यात आहे, आणि आईच्या तळव्यातून ते लेकीच्या तळव्यात जाते.

आता दुसरी अडचण. ज्वारीची मऊ भाकरी सकाळची संध्याकाळी वातड होते आणि दुसऱ्या दिवशी शिळी म्हणूनच खावी लागते. म्हणजे भाकरी रोज करावी लागते; आणि रोज करावयाची म्हणजे दहा माणसांच्या घरात वीस-पंचवीस भाकरींची थप, एकेक करून, धुराच्या तोंडाशी बसून. ज्या दिवसांत शेतात खुरपणी किंवा काढणी चालू असते, त्या दिवसांत हीच बाई उजाडता उजाडता रानात हवी असते. एका माणसाने एकाच वेळी दोन ठिकाणी कसे असावे, या प्रश्नातून कडक भाकरी निघाली असावी. ती पापडासारखी पातळ थापतात, तव्यावर भाजतात आणि मग मंद आचेवर तिच्यातील ओल पुरती निघून जाईपर्यंत सुकवतात. ओल गेली की बुरशीला जगण्यासारखे काही उरत नाही, आणि भाकरी महिनाभर सहज टिकते. एक दिवस खपून चार आठवड्यांची बेगमी करावयाची, उरलेले दिवस शेताला द्यावयाचे. ताकात कुस्करावी, डाळीच्या आमटीत भिजवावी, नाही तर शेंगाचटणी, कच्चा कांदा आणि तेल यांच्यासंगे तशीच मोडून खावी. प्रवासाला निघालेल्याच्या गाठोड्यात तिच्यासारखा सोबती दुसरा नाही.

बीदरला येणारा पाहुणा बिदरी कामाची चौकशी करतो. जस्त आणि तांब्याचा मिश्रधातू, त्यावर चांदीचे नाजूक जडावकाम, आणि किल्ल्यातल्या विशिष्ट मातीने आणलेला तो गर्द काळा रंग यांचे कौतुक व्हावे हे योग्यच आहे. २०२३ साली बिदरीचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, त्याचा आनंद सीमेच्या दोन्ही अंगांना झाला. परंतु त्याच गावातल्या कडक भाकरीची चौकशी कोणी करीत नाही. वस्तुतः एक कला दरबाराच्या आश्रयाने वाढली आणि दुसरी गरजेच्या, एवढाच दोहोंतला भेद.

भाकरी विकण्याची वस्तू झाली ती शहरांमुळे. खेड्यातला मुलगा शिकायला किंवा नोकरीला कलबुर्गी, सोलापूर, बंगळूर, पुणे, हैदराबाद येथे गेला. खोलीवर चूल नाही, आणि असली तरी भाकरी थापण्याची विद्या त्याला कोणी दिलेली नाही. गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर आई कडक भाकरीचा गठ्ठा पाठवी. ज्याची आई नव्हती, किंवा जिच्या हातून आता ते होत नव्हते, तो विकत घेऊ लागला. खानावळींनाही भाकरी लागे; लिंगायत खानावळीच्या ताटात ती नसेल तर गिऱ्हाईक उठून जाईल. भट्टीशी बसून शेकड्याने भाकरी थापणाऱ्या बाया तेथे नगावर मजुरी घेत. ज्या कामाला घरात कोणी काम म्हणत नव्हते, त्याला प्रथमच भाव आला. हा बदल लहान नव्हे. नवऱ्याच्या आजारपणाने किंवा मृत्यूने ज्या घराचा आधार गेला, त्या घरातील बाईजवळ शेतमजुरीखेरीज विकण्यासारखी एकच विद्या होती, आणि ती हीच.

पण विद्या असली तरी भांडवल लागते. पोतेभर ज्वारी सुगीच्या दिवसांत स्वस्त असताना घेऊन ठेवता आली तर चार पैसे सुटतात. ज्वारी आठवड्याला पायलीपायलीने महाग घ्यावी लागली तर सारा नफा दुकानदाराच्या गल्ल्यात जातो. सरपण, तवे, दळणाचे पैसे, आणि माल विकून दाम हाती येईपर्यंतचे दिवस हे सारे निभवावे लागते. सावकाराचे व्याज भाकरीला परवडत नाही. बँकेकडे जावे तर बँक तारण मागते, आणि तारण म्हणून थापलेली भाकरी ठेवून घेणारी बँक अद्याप निघालेली नाही!

येथे बीदर जिल्ह्याची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण सीमेच्या अलीकडे ती पुरेशी ठाऊक नाही. १९९२ साली राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, म्हणजे नाबार्डने, बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग अवघ्या पाचशे गटांपासून सुरू केला. पुष्कळ ठिकाणी सहकारी बँका याकडे जरा संशयाने पाहत होत्या. बीदरच्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने मात्र, गुरुपादप्पा नागमारपल्ली यांच्या नेतृत्वाखाली, गावोगावच्या प्राथमिक पतसंस्थांना हाताशी धरून गट उभे करण्याचे काम अंगावर घेतले आणि त्यात असे नाव मिळवले की बाहेरच्या राज्यांतून लोक ते पाहावयास येऊ लागले. गटाचा व्यवहार साधा असतो. पंधरा-वीस बायांनी आठवड्याला ठरलेली रक्कम टाकावयाची, साठलेल्या पैशांतून एकमेकींना कर्ज द्यावयाचे, वहीत लिहावयाचे. काही महिने ही वही नीट चालली की बँक त्याच वहीच्या भरवशावर गटाला कर्ज देते. तारण असते ते शेजारणीच्या शब्दाचे. एकीने हप्ता चुकवला तर उरलेल्या चौदा जणी तिच्या दारात उभ्या राहतात. त्यापेक्षा वसुली अधिकारी परवडला, असे तिला वाटत असले तर नवल नाही. गट सगळेच चालतात असेही नाही. वही लिहिणारी एकटीच शिकलेली असली की कारभार तिच्या मुठीत जातो, आणि कर्ज काढून ते लग्नात घालणाऱ्याही असतात. तरीही सावकाराची पायरी न चढता ज्वारीची पोती घरात आली, हे या वहीने केले.

मग यंत्र आले. उत्तर कर्नाटकातील लहान कारखानदारांनी प्रथम पीठ मळण्याचे, मग गोळा दाबून पसरवण्याचे यंत्र तयार केले. पोळीचे यंत्र आधीपासून होते. ते ज्वारीला का चालू नये, असे वाटणे साहजिक आहे. पण पोळीच्या यंत्राला कणकेची ताण सांभाळावयाची असते, आणि ज्वारीला ताणच नसतो. पीठ गार झाले की खळ घट्ट होते आणि कडा फाटतात. गरम असले की ते तव्याला आणि दाबाच्या पट्टीला चिकटते. म्हणजे जी अडचण अनामिक आजीने परातीत सोडवली, तीच लोखंडाला नव्याने सोडवावी लागली. यंत्रावरची भाकरी आकाराने एकसारखी आणि पातळ निघते. कडक भाकरीला ती चांगली. फुगणाऱ्या मऊ भाकरीच्या बाबतीत अजून जुन्या हाताचीच सरशी आहे, असे खाणारे सांगतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. यंत्राने हाताचे काम काढून घेतले काय, याचे उत्तर यंत्र कोणाच्या मालकीचे आहे यावर अवलंबून आहे. गटाच्या मालकीचे असेल तर बाईचे मनगट वाचते आणि माल वाढतो. व्यापाऱ्याच्या मालकीचे असेल तर पूर्वी नगावर मजुरी घेणारी तीच बाई आता रोजावर पुड्या भरू लागते. दोन्ही प्रकार दिसतात. यंत्राला दोष देऊन किंवा त्याची आरती ओवाळून या प्रश्नातून सुटका नाही.

अशा शोधांना मान देण्याची सोय आपल्याकडे फार उशिरा झाली. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी १९८० च्या दशकाअखेर खेड्यापाड्यांतील शोधकांची नावे व त्यांच्या युक्त्या टिपून ठेवण्याचे काम आरंभले, आणि २००० साली त्यातूनच राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान उभे राहिले. धारवाड जिल्ह्यातील अण्णिगेरीचे शेतकरी अब्दुल खादर नडकट्टीन यांचे नाव त्यामुळे देशाला कळले. पहाटे उठवत नाही ही त्यांची पहिली अडचण. घड्याळाचा गजर ऐकूनही झोप मोडेना. तेव्हा त्यांनी गजराच्या किल्लीला दोरी आणि दोरीला पाण्याची बाटली बांधली. किल्ली फिरली की बाटली कलंडे आणि पाणी थेट तोंडावर! पुढे कोरडवाहू रानात चिंच लावली, तर चिंचेतून चिंचोके वेगळे करण्याच्या किचकट कामाला माणसे पुरेनात, म्हणून त्यांनी चिंचोके काढण्याचे यंत्र केले. पेरणीची अवजारे केली, उसाच्या लागणीचे यंत्र केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. या माणसाच्या यंत्रांच्या यादीपेक्षा एक गोष्ट अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांचे प्रत्येक यंत्र त्यांच्याच रानात किंवा घरात अडलेल्या कामातून निघाले आहे. बाजारात काय खपेल याचा विचार मागाहून आला.

पण मान मिळाला म्हणजे मोबदला मिळालाच, असे नव्हे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या धानाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून वेगळ्या ठेवल्या, वर्षानुवर्षे जोपासल्या, आणि बारीक दाण्याचा एक उत्तम वाण सिद्ध केला. तेव्हा एचएमटी घड्याळाची मोठी चलती होती; तेच नाव या तांदळाला पडले. तो तांदूळ देशभर ताटात गेला, बियाणे विकणाऱ्यांनी पैसा केला, आणि दादाजी आपल्या तुटपुंज्या जमिनीवर राहिले. २००५ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या हलाखीच्या बातम्या आल्या, आणि ज्यांनी आयुष्यभर एचएमटीचा भात खाल्ला त्यांतील पुष्कळांनी त्यांचे नाव त्या दिवशी प्रथम ऐकले.

भाकरीच्या बाबतीत तर एकट्याचे नाव निघण्याचाही संभव नाही. परंपरेने चालत आलेल्या ज्ञानावर पेटंट मिळत नाही, आणि न मिळावे हेच बरे. नाही तर आधणाच्या पाण्यावर कोणी हक्क सांगेल. एखाद्या मुलखाच्या मालाला त्या मुलखाचे नाव जोडून संरक्षण देणारा कायदा १९९९ चा आहे. त्याअन्वये गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जिल्ह्याचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून कलबुर्गी झाले असले तरी डाळीने जुनेच नाव धरून ठेवले आहे, हा एक गमतीचा भाग. रोट्टीच्या बाबतीत कलबुर्गीच्या जिल्हा प्रशासनाने वेगळी वाट धरली. रोट्टी करणाऱ्या महिलांना एकत्र आणून सहकारी पद्धतीने उत्पादन सुरू केले, आणि ‘कलबुर्गी रोट्टी’ या एका नावाखाली माल बाजारात आणला. २९ जून २०२५ रोजी पंतप्रधानांच्या ‘मन की बात’ या आकाशवाणीवरील भाषणात तिचा उल्लेख झाला. रोज तीन हजारांहून अधिक भाकरी होतात आणि बंगळूरला तिच्यासाठी स्वतंत्र विक्रीकेंद्र उघडले आहे, हे त्या दिवशी साऱ्या देशाने ऐकले.

एका नावाखाली माल विकावयाचा म्हणजे शिस्त आली. सगळ्यांची भाकरी एका मापाची, एका जाडीची, तितकीच सुकलेली हवी. एकीची जरा ओलसर राहिली तर पुडक्यात बुरशी धरते, आणि नाव सगळ्यांचे जाते. घरात जी गोष्ट अंदाजाने चाले ती आता मापावर आणावी लागते. वाहतुकीत मोडतोड होते ती निराळीच. कडक भाकरी टिकाऊ असली तरी नाजूक असते, आणि एका अंगाला तडा गेलेली भाकरी शहरातला गिऱ्हाईक घेत नाही. गावात तिचा चुरा ताकात जातो. शहरात तो तोटा म्हणून वहीत लिहावा लागतो.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली ज्वारी मात्र मागे हटत आहे, आणि ही गोष्ट भाकरीच्या जयजयकारात दडून जाता कामा नये. राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले. भाषणे झाली, प्रदर्शने झाली. पण रेशनवर तांदूळ आणि गहू मिळू लागल्यापासून ज्वारी हे गरिबाचे धान्य राहिलेले नाही, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तिच्यापेक्षा तूर किंवा सोयाबीन हाती रोख पैसा देते. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण आजही पुष्कळ शेतकरी सोडीत नाहीत. त्याची भाकरी गोड लागते म्हणून आणि त्याचा कडबा जनावरे आवडीने खातात म्हणूनही. धान्य माणसाला, कडबा बैलाला, असा तो दुहेरी हिशेब. बैल कमी झाले तसा हिशेबाचा अर्धा भाग ढासळला, जरी दुधाच्या जनावरांनी तो थोडाबहुत सावरला आहे.

आणि काढणी! रब्बी ज्वारी या भागात मुळासकट उपटून काढतात. माघ-फाल्गुनात जमीन वाळून टणक झालेली असते. दिवसभर वाकून ताटे उपटली की तळहात सोलून निघतात, कंबर धरते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर या कामाला दुप्पट रोज मागतात, आणि तो मागण्याचा त्यांना हक्क आहे. मळणीयंत्राने कणसांचे काम केव्हाच हलके केले. गव्हाला चालणारे मोठे कापणीयंत्र ज्वारीत घातले तर धान्य हाती येते, पण कडब्याचा चुराडा होतो, आणि कडबा गेला तर ज्वारी पेरण्याचे निम्मे कारण गेले. म्हणून ताट अखंड ठेवून, वाळलेल्या काळ्या मातीतून उपटणारे, पाच-सात एकरांच्या शेतकऱ्याला भाड्याने का होईना परवडणारे अवजार पाहिजे आहे. औरादच्या किंवा आळंदच्या रानात फाल्गुनात उभे राहून पाहिले तर अजून बहुतेक शेतांत हे काम हातांनीच चाललेले दिसते, आणि त्या ओळीत पुढे वाकलेल्यांत बायाच अधिक असतात.